उपाशी गोधडी

एक होता बांध. बांधात होतं बीळ. बिळात राहायची ठुमी उंदरी. एवढीशी, चिंचोक्याएवढी.

ठुमीला भाऊ झाला. गुलाबी गुलाबी. अंगावर एक केस नाही. आणि दिवस थंडीचे. बाळ आपलं हुडहुड, हुडहुड.

आई म्हणाली, "ठुमे, मला दाणे आणायला जायलाच हवं. मी गेले की बाळ उघडं पडतं. त्याला गोधडी शिव बाई. दिवस मावळायच्या आत शिव."

आईनं चिंध्या दिल्या. बाभळीच्या काट्याची सुई दिली. टाका शिकवला.

"सुई खाली, सुई वर.
हळूच ओढ, सरळ कर."

मग दिला भाकरीचा एक कण. उंदरांची रीतच आहे तशी. कडेपासून शिवत शिवत मधोमध यायचं. शेवटचा टाका राहिला की गोधडीच्या पोटात कण ठेवायचा. गोधडी जेवली की ऊब देते. उपाशी राहिली तर गारच.

आई गेली. ठुमी दाराशी उन्हात शिवायला बसली.

एक टाका. दोन टाके. तीन टाके.

तेवढ्यात आला नाकतोडा. टुणुक टुणुक. टुणुक टुणुक.

ठुमी म्हणाली, "शिवीन, पण आधी नाकतोडा बघीन."

कण दिला चिंध्यांवर ठेवून. शेवटचं काम पहिलंच उरकलं. सुई खोचली कानामागे, आणि गेली पळून. तुरतुर, तुरतुर.

खेळ खेळ खेळली. परत आली, तर कण कुठे आहे? चिमणीनं उचलला. भुर्र.

आत बाळ हुडहुड, हुडहुड.

ठुमीचं तोंड एवढंसं झालं. ती गेली चिमणीकडे. तुरतुर, तुरतुर.

"चिऊताई, चिऊताई,
गोधडी राहिली उपाशी,
बाळ माझं उघडं.
कण दे ना."

चिऊ म्हणाली, "उघड्यावर टाकलास, मी उचलला. देईन गं, पण आधी मला दाणा आण."

ठुमी गेली कणसाकडे. तुरतुर, तुरतुर.

"कणीसबाई, कणीसबाई,
चिऊ देईना कण,
गोधडी राहिली उपाशी,
बाळ माझं उघडं.
दाणा दे ना."

कणीस म्हणालं, "घसा सुकलाय माझा. देईन गं, पण आधी मला पाणी आण."

ऊन कललं. वारा सुटला. सूं सूं.

ठुमी गेली पाटाकडे. तुरतुर, तुरतुर.

"पाटदादा, पाटदादा,
कणीस देईना दाणा,
चिऊ देईना कण,
गोधडी राहिली उपाशी,
बाळ माझं उघडं.
पाणी सोड ना."

पाट म्हणाला, "माझ्या तोंडात दगड अडकलाय. सोडीन गं, पण आधी दगड काढ."

ठुमीनं दगड ढकलला. हुश्श. हलला नाही. पुन्हा ढकलला. हुश्श. नाहीच हलला. दगड केवढा, ठुमी केवढी.

ठुमी रडत रडत गेली बैलाकडे. तुरतुर नाही. हळू हळू.

"बैलमामा, बैलमामा,
पाट सोडीना पाणी,
कणीस देईना दाणा,
चिऊ देईना कण,
गोधडी राहिली उपाशी,
बाळ माझं उघडं.
दगड काढ ना."

बैलानं एक डोळा उघडला.

"तीन टाके घालून पळाली, ती तूच का गं? नाकतोडा सांगत होता."

ठुमीनं मान खाली घातली.

बैल म्हणाला, "काढीन गं, पण आधी माझी झूल शिव. इथं फाटलीय बघ. पाठ गारठली माझी."

ठुमी म्हणाली, "शिवीन, पण आधी..."

आणि थांबली.

इकडे बघितलं. तिकडे बघितलं. आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नव्हतं.

ठुमी खाली बसली. मुसमुस, मुसमुस.

"मला नाही येत हो. मला तीनच टाके येतात."

बैल म्हणाला, "मग चौथा घाल."

ठुमीनं नाक पुसलं. कानामागची सुई काढली. बैलाच्या शेपटीवरून चढली पाठीवर.

सुई खाली, सुई वर.
हळूच ओढ, सरळ कर.

चौथा टाका वाकडा आला. पाचवा सुटला. सहाव्याला दोरा गुंतला. ठुमी रडली. रडत रडत गाठ सोडवली. पुन्हा घातला.

सुई खाली, सुई वर.
हळूच ओढ, सरळ कर.

टुणुक टुणुक. नाकतोडा आला.

"ठुमे, नवी उडी आलीय मला. बघायला चल ना."

ठुमीनं वर बघितलं नाही.

"बघीन," ती म्हणाली, "पण आधी टाका."

नाकतोडा थोडा वेळ थांबला. मग गेला. टुणुक. टुणुक.

ठुमीचं बोट दुखलं. सुई खाली. डोळे चुरचुरले. सुई वर. आणि झालं. फाटकं मिटलं.

झूल शिवली, बैल उठला. बैलानं दगड काढला, धप्प.
दगड निघाला, पाटानं पाणी सोडलं, झुळझुळ.
पाणी आलं, कणसानं दाणा दिला, टप्प.
दाणा आला, चिऊनं कण दिला, टुक.

ठुमीनं कण गालात धरला. भूक लागली होती, तरी गिळला नाही. पळाली. तुरतुर, तुरतुर, तुरतुर.

बिळात बाळ हुडहुडत नव्हतं. रडतही नव्हतं. नुसतं आखडून पडलं होतं. गार गार.

आईला हाक मारावी, तर आई लांब. चिऊ लांब. बैल लांब.

तिनं बाळाला पोटाशी घेतलं. चिंध्या मांडीवर घेतल्या. तीन टाके तिथंच होते. वाट बघत.

चौथा टाका. पाचवा टाका. सहावा टाका.

सुई खाली, सुई वर.
हळूच ओढ, सरळ कर.

बाहेर टुणुक टुणुक वाजलं. ठुमी उठली नाही. वारा सूं सूं झाला. ठुमी उठली नाही. शिवत शिवत कडेपासून मधोमध आली. एकच टाका उरला. तेव्हा तिनं गालातला कण काढला आणि गोधडीच्या पोटात ठेवला.

शेवटचा टाका.

गोधडी बाळावर घातली. ठुमी बघत बसली. बाळ हललं नाही. ठुमी बघत बसली. मग गोधडीखाली काहीतरी हललं. एवढंसं शेपूट.

आणि बाळ म्हणालं, चीं.

दिवस मावळता मावळता आई आली. तिनं गोधडी चाचपली. पुन्हा चाचपली.

"टाके वाकडे आहेत गं," आई म्हणाली.

ठुमी म्हणाली, "हो. पण सगळे आहेत."

आईनं ठुमीचं दुखरं बोट चाटलं.

कण गेला गोधडीच्या पोटात. बाळ गेलं गोधडीच्या उबेत. ठुमी गेली आईच्या कुशीत. आता तूही ये माझ्या कुशीत, पाय आत घे, झालं.