राईच्या परकराची झालर

एक होती मुंगी. एवढीश्शी! तिचं नाव राई.

राईचा होता परकर. लाल लाल. त्याला खाली चुण्याचुण्यांची झालर.

आज नाकतोड्याचं लग्न. अक्षता पडायच्या आत पोचायला हवं. राई नटली. निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

वाटेत आला काटा. दोरा अडकला. टुक्! तुटला. सगळ्या चुण्या पळाल्या. झालर परकरापासून सुटली. झाली सपाट पट्टी.

राई रडली. थोडीशीच. मग पट्टी घेतली डोक्यावर आणि गेली शेवंतामावशीकडे. चढली शिलाई मशीनवर. तुरुतुरु, तुरुतुरु.

अबब! केवढा लांब दोरा!

"दोरेदादा, दोरेदादा, चुण्या पाड ना!"

"नको गं बाई! मला भीती वाटते. बारीक टाक्यांत मी अडकतो. ओढलं की तुटतो. सुई लांब टाके घालेल, तर मी चुण्या पाडेन."

राई गेली सुईकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

अबब! केवढी चकचकीत सुई!

"सुईताई, सुईताई, लांब टाके घाल ना!
दोरा चुण्या पाडेना,
झालर काही होईना,
मी लग्नाला जाऊ कशी?"

"मी एकटी कशी नाचू? चाक फिरेल, तर मी टाके घालेन."

राई गेली चाकाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

अबब! केवढं गोल चाक! आभाळाएवढं!

"चाकोबा, चाकोबा, फिर ना!
सुई टाके घालेना,
दोरा चुण्या पाडेना,
झालर काही होईना,
मी लग्नाला जाऊ कशी?"

"मावशी पाय हलवेल, तर मी फिरेन."

राई गेली मावशीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

अबब! केवढी मोठ्ठी मावशी!

"मावशी, मावशी, पाय हलव ना!
चाक फिरेना,
सुई टाके घालेना,
दोरा चुण्या पाडेना,
झालर काही होईना,
मी लग्नाला जाऊ कशी?"

"कोण बोललं गं?"

"मी, राई! खाली बघ. अजून खाली!"

"अगंबाई! मुंगी!" मावशी हसली. "पण माझी बोटं बघ. जाडजूड! दोरा ओढते, की टुक्! पुन्हा ओढते, की टुक्! हळू हळू ओढणारं कुणी येईल, तर मी पाय हलवेन."

हळू ओढणारं? कोण बरं?

राईने आपले इवले पाय पाहिले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

"मावशी! मीच की!"

मावशीने पट्टी सुईखाली ठेवली. पाय हलवला. खडखड खडखड.
चाक फिरलं. गरगर गरगर.
सुईने लांब टाके घातले. टाक... टाक... टाक.

"हळू हां, राई!" दोरा म्हणाला.

राईने ओढलं. हळू. अगदी हळू. थोडं या टोकाने. थोडं त्या टोकाने. दोरा थरथरला.

पण तुटला नाही!

पट्टीवर उठली एक चुणी. मग दुसरी. मग लाटाच लाटा!

मावशी म्हणाली, "अबब! एवढीश्शी राई! केवढं मोठ्ठं काम!"

मग तिने झालर परकराला पक्की शिवली. खडखड खडखड.

राई पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु. पोचली मांडवात. सगळ्यांच्या हातात अक्षता तशाच!

राईने घेतली गिरकी. झालर फुलली. गोल गोल गोल!

नाकतोडा म्हणाला, "अबब!"

आणि लग्न करायचंच विसरला.