मेंदीवरच्या अमरवेलीचा अर्ज

विषय : राजाच्या बागेत अमरवेलीस राहू देण्याबाबत.
संदर्भ : तिचाच अर्ज.

तर बरं का, एक होता राजा. त्याला बागेचा भारी षोक, आणि बागेपेक्षा नियमांचा जास्त. प्रत्येक झाडाची वहीत नोंद. मूळ कुठे, पानं किती, आळं कुठलं. वही सांभाळायचे नारोपंत. म्हातारे, चष्मेवाले, अक्षर मोत्यासारखं.

एकदा काय झालं, कुंपणाच्या मेंदीवर पिवळाधमक दोरा दिसला. जणू कुणी सोन्याची शेवई वाळत घातलीय! नारोपंत वही घेऊन गेले.

"कोण गं तू?"

"अमरवेल, पंत."

"मूळ कुठे?"

"होतं, पण सोडलं."

नारोपंत म्हणाले, "मूळ काय चप्पल आहे, दारात सोडायला?"

मग वेलीने सांगितलं. बी रुजलं तेव्हा गाठीला शिदोरी चार दिवसांची. डोळे नाहीत, पाय नाहीत. नुसत्या वासावर ती मेंदीकडे वळली. पोचली, मिठी मारली, आणि मग खालचं मूळ वाळू दिलं. आता परत जायची सोयच नाही. नारोपंतांनी चष्मा पुसला. ते स्वतः बाजारात जायचे, तरी घराची किल्ली दोनदा चाचपायचे.

दुसऱ्या दिवशी परत गेले.

"पानं?"

"मेंदीला आहेत की! एका घरात दोन चुली कशाला?"

मग तिसऱ्या दिवशी गेले.

"आळं नाही, पान नाही, मूळ नाही. बाई, तुझं स्वतःचं आहे तरी काय?"

"जरा वाका, पंत."

नारोपंत वाकले. दोऱ्याला पांढरी फुलं लागली होती. मोहरीएवढाल्या घंटाच जणू! त्यावर मधमाश्यांची ही झुंबड. नारोपंतांनी वहीत 'फुलं' असा नवा रकाना आखला. तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच, बरं का.

राजाने वही पाहिली. "फुकट खाणारी आहे! आणि हिचा तुकडा राहिला तरी परत वाढते. उद्या मेंदीसकट जाळा."

गावातली प्रत्येक नवरी त्याच मेंदीने हात रंगवायची. नारोपंत धावत कुंपणाशी आले.

"मेंदीबाई, ही तुला छळते का गं?"

"छळते तर! पण मी मेले की ती मेली, एवढं तिला कळतं. बेतानं खा म्हणावं. आणि पंत, तुम्ही आठवड्याला तिची छाटणी करा."

"दोन फांद्यांच्या पलीकडे जाणार नाही," वेल म्हणाली.

आता त्या राज्यात एक रीत होती. ज्याचा अर्ज दरबारात आहे, त्याचा निकाल लागेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. राजानेसुद्धा नाही. नारोपंतांनी तिथल्या तिथे अर्ज लिहिला. वेलीने एक टोक शाईत बुडवून सही केली. सही झकास, नारोपंतांपेक्षा वळणदार!

सकाळी माळी मशाल घेऊन आला. अर्ज बघून मशाल घेऊन परत गेला.

राजा चिडला. "पंत, निकाल कधी?"

"तपास चालू आहे, महाराज. स्वतः न पेरता, न रांधता दुसऱ्याच्या जिवावर जगतात कोण कोण, त्यांची यादी करतोय. म्हणजे सगळ्यांना नियम सारखा."

"बरं. यादीत पहिलं नाव कुणाचं?"

नारोपंत खाली बघू लागले. म्हणाले, "दुसरं माझं आहे, महाराज."

राजा बराच वेळ खोकला. मग म्हणाला, "असू दे. घाई नाही."

पुढे राजा सुखाने जेवला, नवरीमुलींचे हात रंगले, मधमाश्यांची चंगळ झाली. नारोपंत आठवड्याला कात्री घेऊन जायचे आणि छाटण्याआधी फुलं बघत बसायचे.

चला, पांघरुणं घ्या. काय गं, निकालाचं काय झालं म्हणतेस? अर्ज अजून विचाराधीन आहे.