तांदळातलं नाव

एका राज्यात कीर्तिसेन नावाचा राजा होता. मंत्रविद्येत निष्णात, आणि राणीवर जीव टाकणारा. पण त्या मायेनंच घात केला! लग्नात त्यानं ताटातल्या तांदळांवर अंगठीनं राणीचं नवं नाव लिहिलं, ‘कनकसुंदरी’, आणि वर मंत्र फुंकला. त्यासरशी माहेरचं नाव ती पार विसरली, माहेरही धूसर झालं. आणि ज्याला स्वतःचं नाव ठाऊक नाही, त्याला राजाच्या महालाचं दार उघडत नसे. राणी आता कुठं जात नाही म्हणून राजा निर्धास्त झाला.

खाण्यापिण्याला, दागदागिन्यांना तोटा नव्हता. पण सोन्याची सुरी झाली म्हणून ती उरात खुपसून घ्यायची का, सांगा! राणी आतल्या आत झुरत होती.

एके सकाळी खिडकीत साळुंकी येऊन बसली. म्हणाली, “राणी, तुझी आई अंथरुणाला खिळली आहे. तुझ्या नावानं हाका मारते आहे.”

“कोणत्या नावानं गं?”

“ते माझ्या चोचीतून निघत नाही. ताटातल्या तांदळांखाली दडलं आहे.”

राणी दाराकडे धावली. दारानं विचारलं, “कोण तू?”

“राजाची राणी.” दार हललं नाही.

“सेनापतीची लेक.” दार ढिम्म.

“कनकसुंदरी.” दार बंदच. तशीच डोळे पुसत ती देवघरात गेली आणि लग्नापासून तिथं ठेवलेलं तांदळाचं ताट तिनं साळुंकीपुढं ठेवलं. लग्नाचे तांदूळ, आणि पाखराला! पण आईपुढं तांदळांचं काय कौतुक?

साळुंकीनं एकदा चोच मारली, राणीला माहेरचं अंगण आठवलं. दुसऱ्यांदा मारली, आईचा आवाज आठवला. तिसऱ्यांदा ताट रिकामं झालं.

“मी धोंडी!” राणी ओरडली. दार सताड उघडलं.

राजा धावत आला. “धोंडी? राणीला असलं नाव शोभतं का?”

“माझ्याआधीची भावंडं पाळण्यातच गेली, महाराज. मी तरी जगावं म्हणून आईनं दगडाचं नाव ठेवलं. त्या नावानं मी जगले.”

राजाची मान खाली गेली. “परत येशील?”

“दार उघडं राहिलं, तर येईन.”

राजानं त्याच दिवशी दाराची मंतरलेली कडी काढून विहिरीत टाकली. पुढं राणी आली, गेली, पुन्हा आली. त्या राज्यात लग्नाचे तांदूळ आजही पाखरांना घालतात.

आणि दार उघडलं त्या दिवशी सायंकाळी माहेरच्या अंगणात पाऊल पडताच आतून क्षीण हाक आली, “धोंडे, आलीस का गं?”

“आले, आई.”