गुहेतली टकटक

फार पूर्वी एका गुहेत वटवाघळं राहत. मध्ये भिंत नाही, पडदा नाही. सगळी एकाच छताला लटकलेली. अंधारात कोण कुठे आहे हे कळावं म्हणून आत येणारा प्रत्येक जण तोंडाने टकटक करी. त्याने म्हाताऱ्या आबांची झोप मोडे. शेवटी त्यांनी सगळ्यांना विनवून टकटक बंद करवली.

पहिल्याच सकाळी आबांच्या शेजारी, यमुनाबाईंच्या जागी, कुणीतरी अलगद सरकून आलं. अंग गार, गुळगुळीत, केस लागेनात.

"यमुनाबाई, तुम्हीच ना?" आबांनी विचारलं. ते लांबलचक अंग आणखी जवळ सरकलं.

एकदा टकटक केली असती तर कळलं असतं. पण नियम आपणच मागून घेतलेला, आणि शंका तर आपल्याला रोजच येतात. तरी त्यांनी तोंड उघडलं.

"हळू, आबा," कानाशी मऊ, फुसफुसता आवाज आला. "मंडळी झोपलीत."

आबा ओशाळले आणि त्यांनी तोंड मिटलं.