सॉरी कुठं राहिला

एकदा काय झालं, इंग्रजांच्या मुलखात एक शब्द जन्मला. त्याचं नाव सॉरी. हसू नकोस गं, शब्दांनाही आई असते. याच्या आईचं नाव सोअर, म्हणजे दुखरी जागा. लेक दूरदेशी निघाला तेव्हा तिनं बजावलं, "बाळा, जो तुला बोलेल, त्याला आधी आत दुखलं पाहिजे. नुसताच तोंडातून निघालास तर विरत जाशील, आणि एक दिवस उरणारच नाहीस."

मग तो गलबतात बसून आपल्याकडे आला. आला खरा, पण कुठं टेकेचना. आधी गेला राजाकडे. राजाच्या घोड्यानं एका कोळणीची पाटी उलटवली. राजा न थांबताच म्हणाला, "सॉरी." झालं, याचे पाय विरले. मग गेला बाजारात. तिथं एक कापडवाला दर धक्क्याला सॉरी फेकत चालला होता. बिचारा कमरेपर्यंत विरला. मला तर असल्या माणसांचा रागच येतो.

मग तो भेलकांडत कुंभारवाड्यात आला. तिथं बायजा आणि तिची धाकटी बहीण आवडी. आवडीनं दिवसभर खपून मातीचा बैल केला होता. बायजानं धावता धावता तो तुडवला.

"सॉरी म्हण तिला," आई चाकावरूनच म्हणाली.

बायजानं पाठ फिरवली आणि म्हटलं, "सॉरी." आता तो डासाच्या गुणगुणण्याएवढा उरला, बरं का.

आवडी रडून रडून अंगणातच मुटकुळं करून पडली. बायजा तिला ओलांडून आत निघाली, तर तिचा पाय आवडीच्या हाताला लागला. पाय लागला की आपण काय करतो? वाकून शिवतो आणि हात छातीला लावतो. बायजानंही सवयीनं तेच केलं. पण आवडीचा हात डोळे पुसून पुसून ओला झालेला. तो ओलावा बायजाच्या छातीला लागला, आणि आत दुखलं. चांगलंच दुखलं.

"आवडे, सॉरी गं," ती कशीबशी म्हणाली. "मी मोडला तुझा बैल."

मग सॉरीला कंबर आली, पाय आले. आवडी उठून बसली आणि तिनं बायजाला माती मळायला लावली. सॉरी तिथंच राहिला, त्या दोघींपाशी, सुखानं.

आता चुळबुळ पुरे. मगाशी भावाला चिमटा कुणी काढला? आधी त्याच्याकडे बघ, मग डोळे मीट.