गजांचा सडा

आंबेखोल गावाच्या माथ्यावर जांभ्या दगडाचा एक उघडा सडा आहे. त्यावर झाड नाही. पावसाळ्यानंतर गवत वाढते, तेही कोणी कापत नाही आणि जाळत नाही. गवतातून शेकडो गज उभे दिसतात: ठासणीच्या बंदुकीत दारू आणि छरे ठासण्यासाठी वापरतात ते. काही लोखंडी असून गंजून लाल झाले आहेत, तर काही शिसवीचे आहेत. वारा सुटला की ते एकमेकांना न भिडताही मंद वाजतात. सड्यावर चढण्यापूर्वी खिशातली काडेपेटी पायथ्याच्या दगडावर काढून ठेवावी लागते. पाहुण्यांनाही यातून सूट नाही.

ही रीत आम्हाला गुणाजी मेस्त्री यांनी सांगितली. वय अठ्ठ्याहत्तर. परवान्याच्या जुन्या ठासणीच्या बंदुका दुरुस्त करणारे या पंचक्रोशीतले ते शेवटचे कारागीर. फुटलेला दस्ता फणसाच्या लाकडात नव्याने कोरणे, झिजलेला घोडा बसवणे, गिऱ्हाइकाच्या खांद्याच्या मापाने बंदूक घडवून देणे ही त्यांची कामे. नळीची लांबी बदलली की तिचा जुना गज ते मालकाला परत देत नाहीत. तो सड्यावर रोवला जातो. याचे कारण विचारले तेव्हा त्यांनी लाडोबाची गोष्ट सांगितली.

लाडोबा मेस्त्री हा गुणाजींच्या सात पिढ्यांमागचा पुरुष, असे सांगतात. त्याने हात लावलेली बंदूक मालकाच्या मनाविरुद्ध कधी उडत नाही, अशी त्याची ख्याती होती. त्या काळी गावचा मुख्य शिकारी तुळाजी परब. त्याच्या वडिलांची चकमकीची बंदूक तोंडाशी गंजली होती. तुळाजीने ती दुरुस्तीला दिली आणि नळी वडिलांच्या वेळेपेक्षा चार बोटे लांब करून मागितली.

‘‘तुळाजी, नळी चार बोटां लांब झाली म्हणान डुकर काय चार बोटां जवळ येवचो नाय,’’ लाडोबा म्हणाला म्हणे.

‘‘तुमी नळी बघा, मेस्त्र्यानू. डुकराचा मी बघतंय.’’

इथे कारागिरीतली एक गोष्ट समजून घ्यायला हवी. नळी रिकामी असताना गज आत सोडला, की तो तळाला टेकतो. त्या वेळी गजाचा जो भाग नळीच्या तोंडाशी येतो, तिथे खाच पाडलेली असते. बंदूक भरलेली असेल तर गज दारूवर आणि छऱ्यांवर टेकतो, आणि खाच तोंडाच्या वर राहते. साधारण चार बोटे वर. बंदूक भरलेली की रिकामी, हे सांगणारी ही एकच खूण. नळी लांबली की खाचही वर सरकवावी लागते, नाहीतर भरलेली बंदूक रिकामी दिसते.

लाडोबाला हे ठाऊक नव्हते असे नाही. पण तुळाजी गजाला हात लावू देईना. ‘‘बापाशीचो गज तो,’’ असे म्हणत तो दोन दिवस अडून बसला. अष्टमीला संध्याकाळी त्याचे मन वळले, तोवर लाडोबाच्या घरात हत्यारे धुऊन, हळदकुंकू लावून पाटावर मांडली गेली होती. खंडेनवमीच्या पूजेला मांडलेली कानस दसऱ्याच्या दुपारपर्यंत उचलायची नाही, हा कारागिरांचा नेम. लाडोबाने नेम पाळला. ‘‘दसऱ्याक खाच पाडूया,’’ असे म्हणून त्याने बंदूक जुन्या गजासह दिली.

नवमीला पहाटे पिकल्या भातात डुकरे शिरली. हाकारे उठले, पाच-सहा बंदुका एकदम वाजल्या. तुळाजीच्या बंदुकीची रंजक, म्हणजे कानाच्या भोकावरची चिमूटभर दारू, पेटली, आतला बार मात्र पेटला नाही. त्या गदारोळात आपलीही बंदूक वाजली असेच त्याला वाटले. घरी येऊन त्याने गज सोडून पाहिला. खाच बरोबर तोंडाशी आली.

दसऱ्याला दुपारी तो खाच पाडून आणि नळीच्या नव्या जोडाचा सांधा नीट करून घ्यायला आला. लाडोबाने दस्ता सोडवला आणि सवयीने गज आत सोडला. खाच तोंडाशी. चाळीस वर्षे ज्या खुणेवर डोळा विसंबला, तिच्यावर तो त्या क्षणीही विसंबला. त्याने नळी भट्टीत ठेवली. सांधा सरळ आहे का, हे पाहायला तुळाजी समोरून वाकला.

शिकाऱ्याच्या चितेला अग्नी देण्याआधी त्याच्या बंदुकीचा बार काढून ती रिकामी असल्याचे दाखवायचे, असा इथला रिवाज होता. भरली बंदूक मागे ठेवून गेलेला जीव सावजासारखा रानात पळत राहतो, अशी समजूत. लाडोबाने पाटावरची कानस उचलली, गजावर नवी खरी खाच पाडली आणि सर्वांसमोर गज नळीत सोडला. खाच चार बोटे वर राहिली.

आतला बार तर भट्टीतच तुळाजीवर उडून संपला होता. नंतर कोणी बंदूक भरली नव्हती. लाडोबाने नळीच्या कानावर वात धरली, बंदूक वाजली. गज सोडला. चार बोटे वर. पुन्हा वात, पुन्हा आवाज, पुन्हा चार बोटे. असे तीनदा झाले म्हणतात. तीन हा आकडा आख्यायिकांचा लाडका आहे, तेव्हा त्यावर फार भर देऊ नये. खाचेचा तपशील मात्र कथेकऱ्याचा वाटत नाही, तो भट्टीपाशीच जन्मलेला असणार.

ऊन उतरू लागले. चिता रचलेली, अग्नी तयार, आणि प्रेत तसेच. तुळाजीची बायको आवडी पुढे आली.

‘‘मेस्त्रीमामा, रिकामी झाली काय?’’

‘‘नाय गो बाय.’’

‘‘मग ह्येंका असोच ठेवू?’’

लाडोबा नळी खांद्यावर घेऊन सड्यावर चढला. जांभ्यात पहारीने भोक पाडून त्याने नळी तोंड आभाळाकडे करून पुरली, तोंड तेवढे दगडाच्या पातळीत उघडे ठेवले. मग तिथूनच त्याने हाक दिली: ही रिकामी होईतो मी हिच्यापाशी बसतो, तिचा धनी आता मी, तुळाजीला मोकळा करा. सड्यावर विस्तव आणू नका.

खाली चिता पेटली आणि नीट जळली. सकाळी लोक वर गेले तेव्हा लाडोबा नव्हता. नळीत गज उभा होता, खाच चार बोटे वर. बाजूच्या दगडावर माणूस मांडी घालून बसावा एवढी जागा झिजून गुळगुळीत झाली होती, जणू तो तिथे एक रात्र नव्हे, शंभर वर्षे बसला होता.

ती जागा आम्ही पाहिली. पावसाच्या पाण्यानेही जांभा असा झिजू शकतो. मात्र आजूबाजूला कुठेही तो तसा झिजलेला नाही, एवढे नोंदवतो.

आजही दसऱ्याच्या दुपारी गावातल्या चुली विझवल्या, की गुणाजी त्या भोकापाशी जातात आणि लाडोबाने खाच पाडलेला म्हणून जपलेला गज आत सोडतात. आम्ही गेलो त्या वर्षी गज टेकल्याचा आवाज लोखंडावर टेकल्यासारखा आला नाही. तो मऊ होता. गुणाजींनी खाचेखाली बोटे लावली. चारही बोटे मावली. आमच्यातले जे भोकावर वाकले होते ते न सांगता बाजूला झाले.

पायथ्याशी परबांच्या घरातली वडीलधारी बाई उभी होती. तिने वर पाहून विचारले, ‘‘मेस्त्रीमामा, रिकामी झाली काय?’’

गुणाजी तिच्याहून वयाने लहान आहेत. त्यांनी गज हळूच बाहेर काढला, पदरासारखा पंचा डोक्यावर घेतला आणि म्हणाले, ‘‘नाय गो बाय.’’

मग ती घरी गेली, आणि गावात चुली पेटल्या.