होडी नसलेल्या घरांची टोपली

एका खाडीच्या काठी एक गाव होतं. गावात होड्या थोड्या आणि खाणारी तोंडं फार. तरी कोणी उपाशी झोपत नसे, कारण गावाची एक जुनी रीत होती. होडी किनाऱ्याला लागली की प्रत्येक नाखवा मूठभर बारीक मासळी धक्क्यावरच्या टोपलीत टाकी. ती टोपली होडी नसलेल्या घरांची. एक विधवा म्हातारी रोज तिची वाटणी करी, आणि शेवटी उरेल त्यावर तिचं नि तिच्या आंधळ्या बहिणीचं भागे.

एके दिवशी गावात एक शेठ आला. त्याने खाडीला लागून मोठं तळं खोदलं, त्यात बड्या जातीचे मासे सोडले आणि चावडीवर सांगितलं, "आता समुद्राच्या लहरीवर जगायला नको. मी सगळ्यांची पोटं भरणार." लोकांनी त्याला हार घातला. हार घालायला आपल्याकडे वेळ लागत नाही.

पण तळ्यातल्या माशांनाही पोट होतं, आणि ते बारीक मासळीनेच भरे. शेठ होड्यांतली सगळी बारीक मासळी चढ्या भावाने उचलू लागला. नाखवे खूश झाले. मग शेठची नजर टोपलीवर गेली.

"शेठ, एवढी टोपली सोडा," म्हातारी म्हणाली. "हिच्यावर किती चुली पेटतात, बघा तरी."

"म्हातारे, जरा दम धर. माझे मासे मोठे झाले की तुलाही मिळतील."

शेठने टोपलीतली मासळीही नाखव्यांना भाव देऊन उचलली; नाखवे माना खाली घालून उभे राहिले. ही मूठ विकायची नसते, एवढं म्हणायला कोणाची जीभ उचलली नाही. शेठचा राग येतोच, पण त्या खाली घातलेल्या मानांचा जास्त येतो.

मासे मोठे झाले आणि बर्फात बसून शहराला गेले. गावाच्या वाट्याला आलं तळ्यातलं घाण पाणी. बारीक मासळी जिथे अंडी घालते, नेमकं तिथेच शेठने ते सोडलं. गावाच्या जिवावर शहराची ताटं भरली; आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात, ते हेच.

पुढच्या हंगामात जाळी रिकामी आली. तळ्यात नव्याने सोडलेले मासे भुकेने एकमेकांना खाऊ लागले. शेठ धावत धक्क्यावर आला. "कोणाकडे बारीक मासळी आहे का? मूठभर असली तरी चालेल."

म्हातारीने टोपली आणून त्याच्यापुढे उपडी केली. चार वाळकी खवलं खाली पडली.

"सगळ्यांची पोटं भरणार होतात ना? आधी आमची टोपली खाल्लीत, मग खाडी खाल्लीत. आता आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून यायचं?"

शेठ निघून गेला. खाडी सावरायला मात्र बरीच वर्षं लागली. पुन्हा पहिली मासळी आली, तेव्हा नाखव्यांनी घरी न्यायच्या आधी मूठ टोपलीत टाकली. म्हातारी तोवर उरली नव्हती. तिची आंधळी बहीण टोपलीपाशी बसली आणि हाताने चाचपत वाटे घालू लागली.

तात्पर्य: दहा ताटं रिकामी करून एक ताट भरणाऱ्याला अन्नदाता म्हणू नये, आणि ती दहा ताटं ओढली जाताना गप्प बसणाऱ्याला शहाणा म्हणू नये.